एक वाजून बावन्न मिनिटांनी बदललेले निदान

१

शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५. वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. स्थळ पुणे शहर, खराडी, एका काचेच्या इमारतीचा सातवा मजला. या वेळी आणि या ठिकाणी पूर्वा सुखदेव ओव्हाळ या सव्वीस वर्षांच्या तरुणीसमोर एक छापील कागद ठेवण्यात आला आणि त्यावर सही करण्यास तिला सांगण्यात आले. कागदावर तीनच वाक्ये होती. अमेरिकेतील एका रुग्ण स्त्रीच्या निदानाचा कोड आपण निष्काळजीपणे बदलला, अशी कबुली तिसऱ्या वाक्यात होती.

"संध्याकाळी सहापर्यंत अमेरिकेतल्या क्लायंटला नाव कळवायचं आहे," कंपनीचे संचालक श्रीनिवास टेंबे म्हणाले. "सही कर किंवा करू नकोस, नाव तुझंच जाणार. आणि नाव गेलं की तुझं कोडिंगचं सर्टिफिकेट रद्द होईल. सही केलीस तर निदान अनुभवाचं पत्र मी देईन."

"सर, मी तो कोड बदलला नाही."

"लॉगिन तुझं. मशीन तुझं. वीस मार्च, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. मग काय, भुतानं बदलला?"

पूर्वाचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. या सर्टिफिकेटच्या परीक्षेची फी त्यांनी आपल्या फंडातून भरली होती. तिने हे बोलून दाखवले नाही. तिने पेन उचलले, एवढेच.

"थांब," कोपऱ्यातून आवाज आला.

तेथे डॉक्टर श्यामला आगटे बसल्या होत्या. वय चौसष्ट, तीस वर्षे सदाशिव पेठेत दवाखाना चालवून आता आठवड्यातून दोन दिवस कंपनीला वैद्यकीय सल्ला देत. आज त्यांना केवळ साक्षीदार म्हणून बोलावले होते.

"या कागदावर माझीही सही हवी आहे ना, श्रीनिवास? न वाचता सही मी आयुष्यात एकदाच केली, लग्नाच्या रजिस्टरवर. पुन्हा करणार नाही. मला सहा वाजेपर्यंतचा वेळ द्या."

"आणि तोपर्यंत काही सापडलं नाही तर?"

"तर मुलगी सही करील, आणि तिच्याखाली मी."

२

या कंपनीचे काम थोडक्यात असे: परदेशातील डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला किंवा लक्षणाला ठरलेला कोड लावायचा. विम्याची कंपनी रुग्णाला पाहत नाही, डॉक्टरलाही पाहत नाही. ती कोड पाहते, आणि त्यावरून तपासणी मंजूर किंवा नामंजूर करते. एका अक्षराने आणि तीन अंकांनी एखाद्याच्या शरीराची वाट ठरते, हे विधान अतिशयोक्त वाटेल. परंतु श्यामलाबाईंच्या हातातली नोंद त्याचाच पुरावा होती.

त्यांनी ती मराठीत वाचली. "स्त्री, वय एकावन्न. चेहरा दिवसातून अनेकदा लालबुंद होतो, अंगातून गरम वाफा येतात. अधूनमधून जुलाब. संभाव्यतः रजोनिवृत्ती. लघवीची विशेष तपासणी करून घ्यावी." त्यांनी चष्मा काढला. "तू काय लावलास?"

"आर २३.२. म्हणजे नुसती चेहऱ्याची लाली, कारण न ठरलेलं लक्षण. सकाळी अकरा वीसला लावला."

"आणि एक बावन्नला त्याचा झाला एन ९५.१. रजोनिवृत्ती."

"मॅडम, मी तो लावणंच शक्य नाही. तनया मॅमनी आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ओपीडीच्या नोंदीत 'संभाव्य' लिहिलं असेल तर आजार लावायचा नाही, लक्षण लावायचं. त्या म्हणायच्या, डॉक्टरला शंका आहे तोवर आपल्याला खात्री असण्याचं कारण नाही."

"चांगलं शिकवतात."

रजोनिवृत्तीला ही तपासणी लागत नाही, असे सांगून विमा कंपनीने ती नाकारली होती. आठ महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, त्या स्त्रीच्या आतड्यात गाठ सापडली. अशा गाठीच्या स्रावाने चेहरा लाल होतो, वाफा येतात, जुलाब होतात. आता ती गाठ यकृतापर्यंत पोहोचली होती.

"त्या दुपारी तू कुठे होतीस?"

"कँटीनमध्ये. दीड ते दोन-दहा. आमची टीम एकत्र जेवते."

"आणि मशीन उघडं?"

पूर्वा म्हणाली, "ते सगळ्यांचंच उघडं असतं, मॅडम. त्याला आम्ही पहारा म्हणतो."

३

पहारा ही पद्धत कंपनीच्या कोणत्याही नियमावलीत नव्हती आणि मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती. मशीनला दहा मिनिटे हात लागला नाही की ते आपोआप बंद होई आणि तो वेळ कर्मचाऱ्याच्या नावावर 'रिकामा' म्हणून चढे. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एकाने मागे राहायचे आणि बाकीच्यांचे माऊस आलटून पालटून हलवीत बसायचे. पाळी ठरलेली असे. वीस मार्चचा संदेश पूर्वाच्या फोनवर अजून होता: आजचा पहारा, सौरभ.

त्या दुपारी मजल्यावर तिघेच होते. पहाऱ्यावर सौरभ रोकडे, केबिनमध्ये टीम लीड केदार गद्रे, आणि ऑडिटच्या टेबलाशी तनया बोरवणकर.

केदार पस्तिशीचा, हसतमुख आणि घड्याळाकडे सतत पाहणारा. श्यामलाबाईंनी त्याला बसण्यास सांगितले, तरी तो खुर्चीच्या कडेवरच टेकला.

"पहारा चालतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो मॅडम, माहीत असणं आणि ऑफिशियली माहीत असणं यात फरक असतो."

"तो फरक पगारात किती पडतो?"

केदारचे हसू ओसरले. श्यामलाबाईंनी पुढे विचारले, "कोड बदलून कोणाचं भलं होणार होतं?"

केदारने उठून दरवाजा लावून घेतला. "सांगतो. पण टेंबे सरांना मी सांगितलं म्हणू नका. क्लायंटची अट होती. नुसत्या लक्षणांचे कोड शेकडा चारच्या वर गेले तर त्यांना वाटतं, आपले लोक नीट वाचत नाहीत. तीन महिने वर गेले की टीम बंद. जानेवारीत आम्ही साडेपाचवर होतो."

"आणि मार्चमध्ये?"

"तीन पॉइंट आठ."

"कसे उतरले?"

"मी विचारलं नाही," केदार म्हणाला. "आकडा खाली आला, मी वर पाठवला. मॅडम, अट ऑक्टोबरमध्ये रद्द झाली पण. आता तो विषयच नाही."

"त्या बाईला सांगा तसं."

४

सौरभ रोकडे तीन मार्चला, म्हणजे घटनेच्या अवघे अडीच आठवडे आधी, हिंजवडीच्या एका कंपनीतून इथे आला होता. प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याने उत्तर दिले.

"मी माझा पहारा नीट केला, मॅडम. फुल टाइम तिथेच होतो."

"बस. पाणी घे. किती मशीन होती?"

"सहा."

"दोन-दहाला सगळे परतले तेव्हा तू काय करत होतास?"

"इथेच... माऊस हलवत."

"मग तुझं कार्ड दोन-वीसला खालच्या गेटमधून आत आल्याची नोंद कशी? तुझ्या जागी कार्डच एकटं फिरायला गेलं होतं?"

सौरभने मान खाली घातली. "समोरच्या बिल्डिंगमध्ये इंटरव्ह्यू होता. हिंजवडीच्या बसचा त्रास नको म्हणून इथे आलो आणि इथे समजलं टीमच बंद होणारे. घाबरलो. एक-पस्तीसला सटकलो. प्लीज, हे सरांना—"

"इंटरव्ह्यूत काय झालं?"

"रिजेक्ट."

"म्हणजे तुझी शिक्षा झाली. आता नीट आठव. कोणाला सांगून गेलास?"

"कोणालाच नाही. वाटलं, मशीन बंद पडतील, रिकामा वेळ चढेल, सगळे शिव्या घालतील. पण कोणी काहीच बोललं नाही. सो आय थॉट, लकी."

श्यामलाबाईंनी त्याला पाठवून दिले आणि वीस मार्चची मशीनची नोंद पुन्हा पाहिली. पूर्वाच्या आणि टीममधल्या बाकी सगळ्यांच्या नावावर दीड ते दोन-दहा या वेळात रिकामा वेळ शून्य होता. पहारेकरी निघून गेला होता आणि तरीही कोणीतरी सहा माऊस हलवीत राहिले होते.

दुपारचा दीड वाजला होता.

५

तनया बोरवणकर मुख्य ऑडिटर, म्हणजे इतरांनी लावलेले कोड पुन्हा तपासणारी. वय बेचाळीस, बारा वर्षांचा अनुभव. मजल्यावरच्या निम्म्या लोकांना काम तिनेच शिकवलेले. आत येताना तिने डबा सोबत आणला होता.

"शुक्रवारी मी घरूनच काम करते, मंगळवारी आणि शुक्रवारी. आज मुद्दाम बोलावलं म्हणून आले. जेवता जेवता बोलले तर चालेल ना, मॅडम?"

"अवश्य. तुम्ही नेहमी जागेवरच जेवता?"

"ऑडिटचं सॅम्पल काढायचं असतं ना. कोड लावलेल्या नोंदी, म्हणजे सकाळचे चार्ट, दीडपर्यंत जमा होतात. त्यातले शंभरातले दहा मी दीड वाजता निवडते. यादी तीनला बाकी ऑडिटरांना मिळते. तोवर कोणी पाहू शकत नाही. नाहीतर कोडर नेमके तेवढेच दुरुस्त करून ठेवतील."

"केदारही पाहू शकत नाही?"

"कोणीच नाही."

"वीस मार्चला तुम्हाला कोणी पूर्वाच्या मशीनशी दिसलं?"

"आठ महिने झाले, मॅडम. नाही आठवत." तिने पोळीचा तुकडा मोडला. "पूर्वा चांगली मुलगी आहे. पण घाईत होतं असं. तो चार्ट सॅम्पलमध्ये आला असता तर मी तेव्हाच पकडला असता."

"आला नाही?"

"नाही. नशीब त्या बाईचं."

श्यामलाबाई दारापर्यंत तिला पोहोचवायला गेल्या. परत येऊन त्यांनी टेंबे यांना फोन केला. "मला एकच यादी हवी. या प्रोजेक्टवर जानेवारीपासून जिथे जिथे आर २३.२ बदलून एन ९५.१ झाला, ते सगळे चार्ट. तारीख, वेळ, लॉगिन, आणि ऑडिटमध्ये गेला की नाही."

"एका चार्टचा प्रश्न आहे, डॉक्टर."

"तसं असेल तर यादी एका ओळीची येईल. छापायला कागदही कमी लागेल."

साडेचार वाजता यादी आली. ती एक्केचाळीस ओळींची होती.

६

टेंबे यांनी ती वाचली आणि केबिनचे पडदे ओढून घेतले.

"डॉक्टर, हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. एका मुलीची एक चूक क्लायंट समजून घेईल. एक्केचाळीस घेणार नाही. दीडशे माणसांचं पोट आहे या कामावर."

"यादीत एक्केचाळीस बायका आहेत. त्यातल्या एकीचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. चाळीसजणींचं नाही. त्यांना कोण कळवणार?"

"बहुतेकींना खरंच रजोनिवृत्ती असेल."

"असेलही. तुम्ही आत्ता जे केलंत ना, 'बहुतेक'चं 'खात्रीनं' केलंत, तेच या यादीमागच्या माणसानं एक्केचाळीस वेळा केलं. बोलवा चौघांना."

पूर्वा, केदार, सौरभ आणि तनया आत आले. टेंबे खिडकीशी उभे राहिले. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

"एक्केचाळीस बदल," श्यामलाबाई म्हणाल्या, "सहा वेगवेगळ्या लॉगिनांवरून. पण सगळे दुपारी एक-चाळीस ते दोन-दहा याच वेळात, सगळे पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या बायकांचे, आणि प्रत्येक नोंदीत 'संभाव्य' हा शब्द. लॉगिनं सहा, हात एक. आता हा हात कोणाचा? पूर्वाचा नाही. ऑगस्टमध्ये ती दोन आठवडे टायफॉइडनं घरी होती. त्या काळात पाच बदल आहेत. सौरभचा नाही. तो मार्चमध्ये आला, पहिले नऊ बदल त्याच्या आधीचे आहेत."

सौरभने सुस्कारा सोडला.

"केदार, तुमच्यावर माझा दुपारपर्यंत फार जीव होता. फायदा तुमचा, केबिन तुमची. पण मे महिन्यात तुम्ही बारा दिवस बहिणीच्या लग्नाला चिपळूणला होतात आणि चार बदल त्याच दिवसांतले आहेत. तुम्ही पाहिलं नाहीत, हा तुमचा गुन्हा. केला नाहीत."

तनया सरळ बसली होती.

"एकही बदल मंगळवारचा नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "एकही शुक्रवारचा नाही."

७

"मॅडम," तनया शांतपणे म्हणाली, "मंगळवारी-शुक्रवारी इतरही पुष्कळ जण घरून काम करतात."

"करतात. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. ऑडिटमध्ये शंभरातले दहा चार्ट जातात. मग एक्केचाळिसातले चारेक तरी जायला हवे होते. त्या त्या दिवशी दीड वाजता काढलेल्या सॅम्पलमध्ये यांतला एकही नव्हता. असं आपोआप घडण्याचा संभव शंभरात जेमतेम एक. म्हणजे बदलणाऱ्याला यादी माहीत होती. दीडला यादी निघते, एक-चाळीसपासून बदल सुरू होतात, तीनपर्यंत यादी एकाच माणसाला दिसते."

"संभव," तनया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "संभव म्हणजे पुरावा नव्हे. हे मीच शिकवते सगळ्यांना. शंभरात एक म्हणजे शंभरात एकदा घडतंच."

"अगदी बरोबर. या मुद्द्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. संशयावरून निदान लिहायचं नाही हा नियम मलाही लागू आहे. म्हणून तर मी तिथे थांबले नाही." श्यामलाबाईंनी यादीतली एक ओळ नखाने दाखवली. "सोळा जुलै, बुधवार. दुपारी अडीचला सर्व्हर बंद पडला. दीडचं सॅम्पल गेलं. दोन-पन्नासला नवं काढावं लागलं, पण तोवर त्या दिवशीचा कोड बदलून झाला होता. आणि नव्या सॅम्पलमध्ये तो चार्ट आला. एक्केचाळिसातला हा एकच ऑडिटला गेला. पूर्वाच्या लॉगिनचा. नोंदीत स्पष्ट लिहिलंय, 'संभाव्य रजोनिवृत्ती'. लावलेला कोड, एन ९५.१. ऑडिटरचा शेरा वाचू?"

श्यामलाबाईंनी चष्मा लावला.

"'कोड योग्य.' खाली सही, तनया बोरवणकर. बारा वर्षं जो नियम तुम्ही शिकवलात, जो या मुलीला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो, तो त्या दिवशी तुम्हाला दिसला नाही? की चूक दाखवली तर पूर्वा विचारील, हा कोड मी कधी लावला, आणि शोध सुरू होईल, म्हणून तुम्ही तो पास केलात? तिसरा पर्याय तुम्हाला सुचत असेल तर सांगा. मी ऐकते."

केबिनमध्ये यंत्राची थंड हवा वाहत होती. तनयाच्या गळ्यापासून गालांपर्यंत लाली चढत गेली. तिने पदराने चेहरा टिपला.

"सहा मुलं होती," ती अखेर म्हणाली. "सगळी काँट्रॅक्टवर. टीम बंद झाली असती तर एका महिन्याच्या नोटिशीवर रस्त्यावर. आकडा दीड टक्का खाली आणायचा होता. ऑडिटरच्या लॉगिनवरून बदल केला तर क्लायंटला सूचना जाते, म्हणून यांच्या मशीनवरून केला. पहाऱ्यावर जो असेल त्याला म्हणायचे, तू जेवून ये, मी बघते. त्या दिवशी सौरभ न सांगताच गेलेला दिसला." ती पूर्वाकडे न पाहता बोलत होती. "मी नीट विचार केला होता, मॅडम. छातीतलं दुखणं, चक्कर, ताप, कशालाच हात लावला नाही. सगळ्यात निरुपद्रवी लक्षण निवडलं. पन्नाशीची बाई, चेहरा लाल होतो, वाफा येतात. मलाही येतात. चेहरा लाल होण्यानं कोणी मरत नाही."

"मॅम," पूर्वा म्हणाली, "सकाळी माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा तुम्ही बाहेरच होतात. काचेतून बघत होतात."

"हो."

"मी सही करणार होते."

"हो," तनया पुन्हा म्हणाली.

श्यामलाबाई तिच्याकडे वळल्या. "तनया, वाफा येतात म्हणून आलेल्या किती बायकांना मी तीस वर्षांत 'वय झालं, चालायचंच' म्हणून परत पाठवलं, त्याची यादी माझ्याकडे नाही. तुमची आहे. आपल्या दोघींत तेवढाच फरक आहे, आणि म्हणूनच ही यादी आज गेली पाहिजे. त्यातल्या चाळीसजणींना अजून वेळ असेल."

टेंबे खिडकीपासून वळले. "डॉक्टर, मी हे पाठवलं तर काम जाईल."

"जाईल बहुधा."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर सहा वाजून एक मिनिटानं मी पाठवीन. माझ्या लॉगिनवरून. ते मी उघडं ठेवत नाही."

पाच वाजून सेहेचाळीस मिनिटे झाली होती. टेंबे खुर्चीत बसले, सकाळचा छापील कागद त्यांनी उभा फाडला आणि संगणक पुढे ओढला. केदारने यादी जोडून दिली. तनया हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला कोणी जा म्हटले नाही आणि ती उठलीही नाही.

"काय लिहू?" टेंब्यांनी विचारले.

श्यामलाबाईंनी सांगितले आणि त्यांनी तसेच लिहिले:

"वीस मार्चला पूर्वा ओव्हाळ यांनी लावलेला कोड बरोबर होता. तो आणि आणखी चाळीस कोड आमच्या मुख्य ऑडिटर तनया बोरवणकर यांनी जाणूनबुजून बदलले. पूर्वा ओव्हाळ निर्दोष आहेत. तनया बोरवणकर दोषी आहेत. हे इतके महिने न पाहिल्याबद्दल कंपनी दोषी आहे. सोबतच्या यादीतील चाळीस स्त्रियांना आजच कळवावे."